जवारीचा दोरा

नसीम आमच्या घरी पहिल्यांदा आली ती आमचा फ्रीज ऐकायला. दार उघडले तर समोर पस्तिशीची, ठेंगणी, घाईघाईने केस बांधलेली एक बाई. हातात साबणाच्या वडीएवढे रेकॉर्डिंगचे यंत्र. शेजारच्या घरात नवीन कुटुंब आल्याचे मला ठाऊक होते, ते आपल्याकडचे असल्याचे नव्हते. मी अदबशीर इंग्रजीत काय हवे ते विचारले. तिने माझ्या खांद्यावरून आतल्या मराठी दिनदर्शिकेकडे पाहिले आणि म्हणाली, "काका, तुमचा फ्रीज काळी चारला लागलाय की वो. भिंतीतनं ऐकू येतोय. दोन मिनिटं रेकॉर्ड करून घेऊ काय?"

मी उत्तर जुळवेपर्यंत स्वयंपाकघरातून स्मिता, म्हणजे माझी पत्नी, म्हणाली, "घ्या की. आमच्या घरात सुरात असलेली ती एकच वस्तू आहे."

सकाळच्या आंघोळीनंतर मी भैरव आळवतो. त्यामुळे हा टोला कोणाला होता हे मला कळले. नसीमलाही कळले असावे, कारण फ्रीजपाशी उकिडवी बसलेली असताना तिचे खांदे हलत होते.

नसीम मिरजेची. तिचे वडील तंबोरे करत. नवरा इम्तियाज इंजिनिअर. त्याच्या नोकरीमुळे ती नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनला आली, आणि खेमेन्तेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, कागदावर पहिली दोन वर्षे तिची ओळख "जोडीदार" एवढीच होती. त्या दोन वर्षांत तिने जिन्याखालच्या मीटरच्या कपाटात एक लॅपटॉप, दोन स्पीकर आणि आवाज आत ठेवण्यासाठी माहेरच्या तीन गोधड्या लावून स्वतःचा स्टुडिओ उभा केला होता. तिथे ती संगीत करी. ट्रामचे दार लागताना होणारा आवाज, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी बाराला वाजणारा सरकारी भोंगा, आमचा फ्रीज, हे सगळे तिच्या लॅपटॉपमध्ये जाऊन ओळखू न येणारे होऊन बाहेर पडे. मी एकदा ऐकून "प्रयोग चांगला आहे" म्हणालो होतो. समजले नाही की मी हेच म्हणतो.

घरात शिरल्यावर ती आधी ऐकत असे, मग बसत असे. कोणाच्या घड्याळाचा काटा अडखळतो, कोणाच्या नळात हवा आहे, हे तिला चहा येण्याआधी कळलेले असे. सवय लहानपणची. वडील तंबोऱ्याची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, घासायला बसले की ही आत भाकऱ्या थापत असे. मुलींनी कारखान्यात बसायची पद्धत नव्हती. पण कान तिचाच. अब्बा बाहेरून हाक मारत, "नसीम, आलं काय?" आणि आवाज हवा तसा झाला की ही पीठ लागलेला तळहात दारातून बाहेर काढून उंच धरत असे. मग अब्बा कानस खाली ठेवत. "दुकानावर नाव भावांचं," ती म्हणे, "आणि हात माझा." हे सांगताना ती हसे. मला ते तेव्हा विनोदीच वाटले होते.

आमच्या बैठकीच्या खोलीत माझ्या आईचा तंबोरा आहे. मिरजेचाच. वीस वर्षांपूर्वी पुण्याहून आणताना विमानात त्याच्यासाठी मी स्वतंत्र आसन घेतले होते, आणि ही हकिकत आमच्याकडे जेवायला आलेल्या प्रत्येकाने ऐकलेली आहे. नसीमने ती पूर्ण होऊ दिली नाही. मध्येच उठून तिने एक तार छेडली, मान वाकडी केली आणि घोडीजवळ डोळे नेले.

"दोरे कुठं गेले?"

"कसले दोरे?"

"तारेखाली दोऱ्याचा तुकडा असतो की. तो जागेवर असला म्हणजे तार घोडीला घासून गुणगुणती. जवारी म्हणत्यात त्याला. दोरे कुठं गेले?"

मी आठवू लागलो. तो आणल्यानंतरच्या पहिल्याच दिवाळीच्या सफाईत घोडीवर चार मळकट दोरे अडकलेले दिसले होते. मी ते चिमट्याने उचलून टाकले होते, आणि किती बारकाईने आपण वस्तू सांभाळतो, असेही त्या वेळी वाटले होते.

नसीमने कपाळाला हात लावला. "काका, तुम्ही तंबोरा ठेवला आणि आवाज तेवढा झाडून टाकला की." ती लगेच दोरे घालून देणार होती. मी म्हणालो, राहू दे, सावकाश करू. जुनी वस्तू आहे, जपून हाताळायला हवी. तंबोरे करणाऱ्याच्या मुलीला मी हे सांगितले.

आमच्या तीन घरांच्या रांगेत या टोकाला आम्ही, मध्ये नसीम आणि त्या टोकाला निशिदासान. ते पंचाहत्तरीचे, एका जपानी कंपनीच्या इथल्या कार्यालयातून निवृत्त झालेले, पत्नी गेल्यावरही इथेच राहिलेले. रोज सकाळी अकराला ते शामिसेन वाजवत. हे तीन तारांचे, लांब मानेचे वाद्य. उलथन्याएवढ्या नखीने वाजवायचे. पंधरा वर्षे मी त्याला मनातल्या मनात "टणटण" म्हणत आलो होतो.

मग कोरोनाचा तो मार्च आला. कचेऱ्या, शाळा बंद झाल्या, माणसामाणसांत दीड मीटर अंतर आले. आणि आमच्या डोक्यावरची विमाने थांबली. विमानतळ जवळ असल्याने इथे बागेत बोलणारा माणूस दर दोन मिनिटांनी वाक्य अर्ध्यावर सोडून थांबतो आणि पुढे सुरू करतो. इतकी वर्षे राहून आम्हाला ते जाणवेनासे झाले होते. त्या वसंतात वाक्ये पुरी होऊ लागली. आकाश रिकामे झाल्याचे सुख नसीमला सर्वांत आधी कळले. तिने खिडक्या पुसायच्या लांब दांड्याच्या टोकाला माइक बांधला, वाऱ्यासाठी त्यावर इम्तियाजचा लोकरी मोजा चढवला आणि दांडा कुंपणावरून निशिदासानच्या बागेत धरला. ते खुर्चीवर ताठ बसून वाजवत; ही अलीकडे तासभर दांडा धरून उभी. त्यांचे संभाषण थोड्या इंग्रजीत, थोड्या डचमध्ये आणि बाकीचे हातवाऱ्यांनी चाले. ते तिला "नाशिमुसान" म्हणत. एकत्र आल्बम करायचा, नाव "कुंपण" ठेवायचे, हे त्यांच्यात कधी ठरले ते मला माहीत नाही. मी तेव्हा फार कामात होतो.

माझ्या कामाबद्दल सांगायलाच हवे, कारण पुढचा अपराध त्यातूनच घडला. ऑनलाइन बैठकीत बोलणाऱ्याच्या मागचे कुत्रे, मूल, कुकरची शिट्टी हे आवाज गाळून टाकणारे सॉफ्टवेअर आमची कंपनी करते. जग घरी बसले आणि माझे महत्त्व मला अचानक पटले. इतरांना ते पटले की नाही हे बघायला मी थांबलो नाही.

एकदा मी अशाच बैठकीत असताना नसीमने बागेतून हाक मारली. "काका, या, या. सगळ्यात जाडी तार ऐका. ती वरती लाकडाला चाटून जाती बघा. ह्यांच्याकडंपण जवारी आहे की!"

निशिदासाननी ती तार पुन्हा छेडली. तारेमागे एक बारीक झणझण उठली आणि स्वर विरल्यावरही राहिली. ती झणझण मुद्दाम ठेवलेली असते, तीच शामिसेनची ओळख, असे त्यांनी हळू आवाजात समजावले. यावर मी त्यांना तंबोऱ्याच्या नादाविषयी पंधरा-वीस मिनिटे सांगितले. ते मान लववून ऐकत राहिले. नसीमने दांडा खांद्यावर घेतला आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "हां काका. दोऱ्यांचं पण सांगा त्यांना."

शरद ऋतू येईपर्यंत सात तुकडे रेकॉर्ड झाले. मग निशिदासानच्या मुलीने त्यांना जपानला बोलावून घेतले. एकट्याने हिवाळा काढणे बरे नव्हे. निघताना त्यांनी प्रत्येक दारासमोर उभे राहून वाकून नमस्कार केला आणि शामिसेन नसीमच्या पायरीवर ठेवून मागे सरकले. दहा दिवसांत बातमी आली की ते तिकडे पडले आणि उजवे मनगट मोडले. हाड जुळेल, पण वाजवणे आता होणार नाही. आकाशात विमाने पुन्हा फिरू लागली होतीच. म्हणजे ते सात तुकडे हेच काय ते उरले होते.

त्याच आठवड्यात नसीमने मला रेकॉर्डरचे कार्ड दिले. तिचा लॅपटॉप भरला होता. "काका, एवढं तुमच्याकडं कॉपी करून ठेवा. दुसरं काही करू नका."

हे दुसरे वाक्य मी ऐकले होते. शपथेवर सांगतो, ऐकले होते. पण त्या बागेतल्या आवाजांत किती कचरा असेल, आणि माझ्याजवळ तो काढायचे जगातले उत्तम साधन आहे, या विचाराने मला गहिवरून आले. सातही तुकडे मी आमच्या सॉफ्टवेअरमधून काढले. बैठकीच्या हेडफोनवर ऐकले, स्वच्छ होते. नीटनेटका माणूस असल्यामुळे कार्ड पुसून त्यावर नव्या फायली क्रमांक घालून ठेवल्या, आणि जुन्या-नव्यांचा घोळ नको म्हणून जुन्या फायली माझ्याकडच्याही काढून टाकल्या. कार्डाबरोबर स्मिताच्या हातच्या चकल्या पाठवल्या.

दुसऱ्या दिवशी नसीम दारात उभी होती. चेहरा धुतल्यासारखा.

"काका, ह्यातली झणझण कुठं गेली? सगळं लाकूड वाजल्यागत वाजायलंय."

मला त्या क्षणी सगळे कळले. बोलणाऱ्याच्या आवाजाव्यतिरिक्त जे अखंड, बारीक, मागे रेंगाळणारे असेल ते गाळायचे, हे त्या सॉफ्टवेअरला शिकवणाऱ्यांत मी होतो. आईच्या तंबोऱ्याखाली वाढलेला मी. आणि माझ्या तोंडून अतिशय सौम्य, जाणकार आवाजात निघाले, "मी तर नुसतं कॉपी केलं. बागेतलं रेकॉर्डिंग ना, इतके बारीक आवाज पकडले गेले नसतील. माइकवर मोजाही होता."

"पण मी ऐकलेलं की, त्या दिवशीच..." ती थांबली. मग स्वतःशीच म्हणाली, "मोजा लोकरीचा होता." आणि गेली.

असे का बोललो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. तिची भीती नव्हती. तीस वर्षे आवाजाच्या धंद्यात असलेला माणूस शेजारणीपुढे चुकलेला दिसू नये, इतकी क्षुद्र गोष्ट होती. अधिक खोल कारण मी शोधले, सापडले नाही.

तीन आठवड्यांनी ती कुंपणापाशी आली. हातात फोन. तिने निशिदासानना लिहिले होते, की माइकवर मोजा घालून मी तुमचे वाजवणे बिघडवले, मला माफ करा. त्यांचे उत्तर आले होते. ते तिने मला वाचून दाखवले. दोष माझाच असणार, त्यांनी लिहिले होते. तार जुनी होती, वयामुळे ती नीट लागली नसेल आणि मला कळले नसेल. तुमचा पूर्ण वसंत मी वाया घालवला, मला माफ करा.

"बघा की काका," ती म्हणाली, "त्यांना वाटायलंय त्यांचा कान गेला म्हणून. मनगट गेलं ते गेलं, आता कान पण गेला म्हणत्यात."

मी घरात आलो. स्मिताला सांगितले. ती भाजी निवडत होती. निवडता निवडताच म्हणाली, "नवल काय त्यात? माझं बोलणंही तुम्ही असंच गाळून ऐकता. उठा, जाऊन सांगून या."

मी एका कागदावर मुद्दे काढले. पाच होते. दुसरा मुद्दा सॉफ्टवेअरच्या मर्यादांविषयी होता. नसीम बागेत कपडे वाळत घालत होती. मी कुंपणाशी उभा राहिलो, घड्याळात पाहिले आणि कागद न उघडता म्हणालो, "झणझण मोज्यामुळे गेली नाही. माझ्यामुळे गेली."

मग सगळे सांगितले. ती चिमटे लावत राहिली. एक, दोन, तीन. इम्तियाजचा सदरा उलटा टांगला गेला होता, तो काढून तिने सुलटा केला.

"मला शंका आलेली," ती म्हणाली. "फायली लई स्वच्छ होत्या. पण म्हटलं, काकांच्या घरात तंबोरा आहे. ते असं करतील काय?"

पुढचा चिमटा लावत तिने विचारले, "काढलेलं कुठं टाकलं?"

"काय?"

"जे काढलं ते. कुठंतरी टाकलं असंल की. अब्बा घासलेला भुसा पण लगेच झाडत नव्हते."

आणि मला आठवले. सॉफ्टवेअर नीट चालते का हे तपासायला आम्ही गाळलेला आवाजही वेगळा साठवतो. मी धावत वर गेलो. धावत हा शब्द माझ्या वयाच्या मानाने घ्यावा. कंपनीच्या एका फोल्डरमध्ये, ज्याचे नाव मीच "कचरा" ठेवले होते, तीन तुकड्यांचे गाळलेले आवाज पडून होते. बाकी चार मी जागा अडते म्हणून पुसले होते. स्वच्छ आवाज आणि गाळलेला आवाज एकावर एक ठेवले की मूळ जसेच्या तसे उभे राहते. तीन परत आले, चार गेले.

तिने मला क्षमा केली का, हे मी कधी विचारले नाही. त्या दिवशी तिने फक्त एवढे सांगितले, "मला सांगितलंत, झालं. आता त्यांना लिहा. तुम्ही स्वतः."

मी लिहिले. नसीमने पहिले तीन मसुदे कुंपणावरून परत दिले. पहिल्यावर म्हणाली, "हे सॉफ्टवेअरचं पत्र आहे." दुसऱ्यावर, "ह्यात तुम्ही लई रडायलाय." तिसरा तिने नुसता घडी करून दिला. चौथ्यात तीन ओळी उरल्या: झणझण तुम्ही वाजवली होती. ती मी पुसली. नंतर खोटे बोललो.

निशिदासानचे उत्तर एका ओळीचे होते. "म्हणजे तार बरोबर लागली होती, माझी काळजी मिटली."

पुढच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला "कुंपण" तयार झाला. जिन्याखालच्या कपाटात नसीमने मला छोट्या स्टुलावर बसवले, स्वतः दाराबाहेर दीड मीटरवर उभी राहिली आणि तो ऐकवला. पहिला तुकडा तिने मी साफ केलेलाच ठेवला होता. कोरडा, सरळ, एकेक स्वर सुटा, आणि त्याखाली तिचे यंत्रातले खोल ठोके. "असू दे," ती म्हणाली. "काय गेलं ते आधी कळू दे लोकांना." मग दुसरा सुरू झाला आणि ती झणझण आली. गोधड्यांमधल्या त्या अंधाऱ्या कपाटात ती माझ्या पाठीमागून आल्यासारखी वाटली. गाळात आणखीही बरेच काही होते. कुंपणावरचा काळा पक्षी होता, निशिदासानचा श्वास होता. आणि तिसऱ्या तुकड्याच्या शेवटी, स्वर विरत असताना, लांबून एका माणसाचा गंभीर आवाज येतो: "हॅलो? माझा आवाज येतोय का सगळ्यांना?"

तो मी होतो. माझ्याच सॉफ्टवेअरने मला कचऱ्यात टाकले होते.

"हे काढता येईल," मी म्हणालो. जीभ आवरेपर्यंत उशीर झाला होता.

नसीमला इतके हसू लोटले की तिने चौकट धरली. आल्बममध्ये ते वाक्य तसेच आहे. आभारांच्या यादीत माझे नाव नाही. मी ती यादी दोनदा पाहिली.

त्याच उन्हाळ्यात इम्तियाजला देशाच्या दुसऱ्या टोकाला, एनस्खेडेच्या विद्यापीठात काम मिळाले. भाड्याची व्हॅन आली. नसीम पुढच्या आसनावर शामिसेन मांडीवर आडवे घेऊन बसली. ते सामानात ठेवायला ती तयार नव्हती. स्मिताने खिडकीतून लाडवांचा डबा दिला. इंजिन सुरू झाले, आणि तेव्हा मला ते सुचले. जे वर्षभर रोज सुचू शकले असते ते नेमके तेव्हा. मी आत जाऊन तंबोरा उचलून आणला, पायरीवर खुर्ची टाकली, तो उभा धरला.

"अवो काका, आत्ता?" ती खिडकीतून म्हणाली. "आता मी उतरणार नाही."

"दोरे घालायचे राहिले," मी म्हणालो.

इम्तियाजने घड्याळ दाखवले. नसीमने पर्स उघडली, रिळावरचा दोरा दातांनी तोडला, चार तुकडे केले आणि खिडकीतून हात लांब करून माझ्या तळहातावर टाकले. "तुम्हीच घाला. मी ऐकते."

मी पहिल्या तारेखाली दोरा सरकवला आणि छेडली. नुसती तार वाजली. "पुढं," ती म्हणाली. सरकवला. "अजून जरा. लई नको. मागं या." माझी बोटे जाड आहेत. रस्त्यावर एक डच आजोबा सायकल थांबवून बघत उभे राहिले. इम्तियाजने नाइलाजाने गाडी हळूहळू पुढे काढली. मी दोरा केसभर पुढे नेला, तार छेडली, आणि काही कळायच्या आत तिची जवारी उघडली. वीस वर्षांत त्या खोलीत न झालेला आवाज रस्त्यावर पसरला. तो पुरेसा होता की नाही हे मला ठरवता येईना. मी मान वर केली.

व्हॅन कोपऱ्यापाशी पोचली होती. तिच्या खिडकीतून एक हात बाहेर आला होता, तळवा उघडा, उंच धरलेला. गाडी वळेपर्यंत तो तसाच होता.

मी बोट दोऱ्यावरून उचलले. पुढच्या तीन तारा मी त्या दिवशी लावल्या नाहीत.